दगडाची कुऱ्हाड

२००३ साली एका दिवाळी अंकात माझा लेख आला होता. विषय बास्क भाषा. स्पेन आणि फ्रान्सच्या सीमेवर, पिरेनीजच्या पश्चिम टोकाला जेमतेम साडेसात लाख माणसं ती बोलतात, आणि जगातल्या कुठल्याही जिवंत भाषेशी तिचं नातं लागत नाही. लेखाची सुरुवात मी मोठ्या झोकात केली होती. बास्कमध्ये खडकाला म्हणतात 'हाइत्स'. कुऱ्हाड म्हणजे 'आइस्कोरा', कुदळ म्हणजे 'आइत्सुर', सुरी म्हणजे 'आइस्तो'. बघा, हत्यारं दगडाची होती तेव्हापासून हे शब्द चालत आलेत! अश्मयुग आजही एका शेतकऱ्याच्या तोंडून बोलतंय! उद्गारचिन्हं माझीच.

लेख लोकांना आवडला. काकूंनी फोन करून सांगितलं की तो कुऱ्हाडीचा भाग फार छान आहे. मग पाडव्यानंतर आठवडाभराने वसईच्या एका निवृत्त फादरांचं आंतर्देशीय पत्र आलं. अक्षर बारीक, तिरकं, कागदाची घडी घालायच्या पट्टीवरसुद्धा लिहिलेलं. आधी तोंडभर कौतुक आणि मग शेवटी दोन ओळी: "एक शंका आहे. लॅटिनमध्ये लहान कुऱ्हाडीला आस्किओला म्हणतात. आपण ते पाहिलंच असेल."

मी पाहिलं नव्हतं. मला लॅटिन येत नाही. कुऱ्हाडीची गोष्ट मी कुठल्याशा मासिकात वाचली होती आणि ती इतकी गोड होती की पुढे काही बघावं असं मनातच आलं नाही.

रागाच्या भरात मी फादरांना खोटं पाडायला निघाले आणि त्यातून लॅरी ट्रास्कपाशी पोचले. हे नाव मला तसं ओळखीचं होतं. एम.ए.ला असताना व्याकरणाच्या परिभाषेचा त्याचा १९९३ चा कोश उशाशी असायचा. पण तोच माणूस बास्कचा एवढा मोठा अभ्यासक आहे याचा मला पत्ता नव्हता. बास्क भाषेच्या इतिहासावरचं त्याचं जाडजूड पुस्तक १९९७ साली आलं होतं. ते मिळवायला मला दोन महिने लागले. त्यात माझी कुऱ्हाड होती, आणि तिचा निकालही लागलेला होता.

हा निकाल कसा लागतो ते बघण्यासारखं आहे, म्हणून जरा थांबून सांगते. लॅटिनमधून बास्कमध्ये शेकडो शब्द आले. रोमन लोक आले तेव्हा बास्क लोक तिथेच होते, त्यामुळे उसनवारी दोन हजार वर्षं जुनी. या शब्दांत एक नियम सारखा दिसतो: दोन स्वरांच्या मधला 'ल' बास्कमध्ये 'र' होतो. लॅटिन 'काएलुम' म्हणजे आकाश, बास्कमध्ये 'सेरु'. 'आंगेलुम' म्हणजे देवदूत, बास्कमध्ये 'आइंगेरु'. आता 'आस्किओला' घ्या आणि 'ल'चा 'र' करून बघा. 'आइस्कोरा' समोर उभी राहते. कुऱ्हाड रोमन होती, लोखंडाची होती, आणि बहुधा बाजारात विकत घेतलेली होती. राहिली कुदळ. तिचं 'हाइन्त्सुर' असंही रूप काही बोलींमध्ये मिळतं. त्यातला मधला 'न' फार जुना आहे, आणि खडकाच्या 'हाइत्स'मध्ये 'न' कधीच नव्हता. म्हणजे तीही गेली.

त्या रात्री मी फादरांना पत्र लिहिलं. त्यांचं उलट टपाली उत्तर आलं: "वाईट वाटून घेऊ नका. गोष्ट खरंच चांगली होती."

ट्रास्क मूळचा अमेरिकन. जन्म १९४४, न्यूयॉर्क राज्यातल्या ओलीन नावाच्या गावात. शिकला रसायनशास्त्र. पीस कोअर या अमेरिकन स्वयंसेवक योजनेतून तुर्कस्तानात शिकवायला गेला, तिथून सत्तरच्या सुमाराला लंडनला आला आणि तिथे भाषाविज्ञानाच्या नादी लागून बास्कमध्येच पीएच.डी. केली. पुढे लिव्हरपूल, आणि १९८८ पासून शेवटपर्यंत ससेक्स विद्यापीठ. रसायनशास्त्राचं वळण त्याच्या लिखाणात शेवटपर्यंत दिसतं असं मला वाटतं: द्रावणात काय आहे ते आधी सांगा, वासावरून अंदाज नकोत.

मराठी माणसाला त्याचं एक काम फार जवळचं वाटावं. १९७९ साली त्याने एक लेख लिहिला होता, आपल्या 'ने' प्रत्ययासारख्या रचना भाषांमध्ये उगवतात कुठून, यावर. 'माणूस आला', पण 'माणसाने भाकरी खाल्ली'. बास्कमध्येही तसंच आहे: आला तो 'गिसोना', खाल्ली ती 'गिसोनाक'. फरक इतकाच की आपला 'ने' भूतकाळात अवतरतो आणि वर्तमानकाळात गायब होतो, तर बास्क माणूस सदासर्वकाळ 'ने' लावून फिरतो. त्याच्या हिशेबाने 'माणसाने रोज भाकरी खातो' आणि 'माणसाने उद्या भाकरी खाईल'. ट्रास्कने या दोन जाती वेगळ्या काढल्या आणि दोघींची मुळं वेगवेगळी असल्याचं मांडलं. वर्गात हे सांगितलं की मुलं अर्धा तास 'मी ने जातो, तू ने येतो' करत हसत बसतात. मी त्यांना अडवत नाही.

पण ट्रास्कची खरी ख्याती त्याच्या रागासाठी. बास्क एकटी भाषा, म्हणून जगातल्या प्रत्येक हौशी माणसाला तिचे सोयरे शोधायची घाई. कॉकेशसमधल्या भाषा, इबेरियन, एट्रुस्कन, सुमेरियन, बुडालेलं अटलांटिस. ट्रास्कने जाहीरच करून टाकलं होतं की असले शोध मला कळवू नका, त्यात मंगळावरची भाषाही आली. १९९५ साली त्याने बास्क आणि कॉकेशस यांच्या नात्याचा दावा एकेक शब्द घेऊन तपासला. समोरच्यांनी वापरलेले कितीतरी 'बास्क' शब्द मुळात लॅटिन किंवा स्पॅनिश होते, काही अलीकडे घडवलेले होते, काहींचे अर्थच चुकीचे होते. तो म्हणायचा, दोन कोश शेजारी ठेवले की कुठल्याही दोन भाषांत सारखे दिसणारे शब्द ढिगाने सापडतात.

मी एका रविवारी दुपारी हे करून पाहिलं. बास्क आणि मराठी. 'हाउ' म्हणजे हा. 'बी' म्हणजे दोन, आणि आपलं बे एके बे. 'सेइ' म्हणजे सहा. 'हात्स' म्हणजे बोट, इथे हात. 'आमा' म्हणजे आई, आणि अम्मा तर शेजारीच. चहा होईपर्यंत माझ्याकडे महाराष्ट्र आणि बास्क प्रदेश यांच्या प्राचीन भगिनीभावाचा लेख तयार होता. सह्याद्री, पिरेनीज, दोन्हीकडे मेंढपाळ, दोन्हीकडे कणखर देश. हा लेख मी छापायला दिला असता तर कुऱ्हाडीपेक्षा जास्त गाजला असता, याबद्दल मला शंका नाही. आणि तो पडतो तरी कशाने? 'हात' मुळात, संस्कृतात, 'हस्त' होता, 'सहा' 'षट्' होता. जुन्या काळात नेऊन उभे केले की हे जुळे भाऊ एकमेकांना ओळखतही नाहीत. आजचे चेहरे जुळवून काय उपयोग? पण आमच्याकडे अजूनही 'अमुक शब्द तमुकसारखा दिसतो, म्हणजे तिथूनच आला' एवढ्यावर व्याख्यानं होतात, टाळ्या पडतात.

ट्रास्क ज्याच्या खांद्यावर उभा होता तो माणूस कोल्दो मिचेलेना. त्याच्याबद्दल वाचायला लागले आणि माझा आठवडा गेला. १९१५ साली सान सेबास्तियानजवळच्या एरेन्तेरिया गावात जन्म. स्पेनच्या यादवी युद्धात जनरल फ्रँकोच्या विरुद्ध बास्क सैन्यातून लढला, १९३७ मध्ये पकडला गेला, फाशीची शिक्षा झाली. पुढे ती तीस वर्षांच्या कैदेत बदलली. १९४३ ला सुटला, १९४६ ला भूमिगत कामासाठी पुन्हा आत, १९४८ ला पुन्हा बाहेर. मग विद्यापीठातल्या परीक्षा. डॉक्टरेट मिळाली १९५९ साली, म्हणजे वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी. तो प्रबंध, बास्क भाषेच्या ध्वनींचा इतिहास, १९६१ मध्ये छापला गेला आणि तिथून पुढे बास्कवर काही लिहायचं तर आधी मिचेलेना वाचावा लागतो.

त्याची अडचण विचारात घ्या. मराठीचा इतिहास सांगायला आपल्याकडे प्राकृत आहे, संस्कृत आहे, शेजारी गुजराती, कोकणी, हिंदी आहेत. एकीकडे अडलं तर दुसरीकडे विचारता येतं. बास्कला बहीण नाही, आई नाही. पहिलं छापील पुस्तक १५४५ चं. त्याआधी फुटकळ वाक्यं, गावांची नावं, आणि रोमन काळातल्या लॅटिन शिलालेखांमध्ये अडकलेली माणसांची आणि देवांची नावं. हे शिलालेख बहुतेक फ्रान्सच्या नैऋत्य भागातले. दगडावर मजकूर लॅटिन, पण मेलेल्या मुलीचं नाव 'नेस्कातो'. आजच्या बास्कमध्ये 'नेस्कातो' म्हणजे मुलगी. कुणाचं नाव 'किसोन', आणि 'गिसोन' म्हणजे पुरुष. 'सेम्बे' आणि आजचा 'सेमे', मुलगा. 'ओम्बे' आणि आजचं 'उमे', मूल.

मिचेलेनाने या थडग्यांवरून भाषा मागे नेली. 'सेम्बे'चा 'सेमे' झाला, म्हणजे 'म' हा ध्वनी 'म्ब'तून तयार झालेला दिसतो. मग सगळे 'म' तपासा. कुठे तो 'न' आणि 'ब' जवळ आल्याने झालाय, कुठे लॅटिनमधून आलाय, कुठे लहान मुलांच्या बोलण्यातून. हळूहळू असं दिसतं की सर्वात जुन्या बास्कमध्ये 'म' नव्हताच. एका मुलाच्या थडग्यावरून एका भाषेतलं एक अक्षर गेलं. मला हे वाचताना अंगावर काटा आला होता, आणि यात दगडाची एकही कुऱ्हाड नव्हती.

१९६८ साली आरान्त्साझूच्या मठात बास्क अकादमीची सभा भरली, बोलींमधून एक प्रमाण लेखी भाषा ठरवायला. आराखडा मिचेलेनाचा. भांडण पेटलं ते 'ह'वरून. फ्रान्सकडचे बास्क 'ह' उच्चारतात, स्पेनकडचे उच्चारत नाहीत, आणि बोलणारे तर बहुसंख्य स्पेनकडे. लिहायचा की नाही? वर्षानुवर्षं माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली. आमच्याकडे १९६२ मध्ये अनुच्चारित अनुस्वार गेले तेव्हा ज्यांनी ज्यांनी पेनं उगारली त्यांना हे लगेच समजेल. तिथे 'ह' राहिला.

आणि या 'ह'ची मजा पुढे आहे. २००६ मध्ये व्हिटोरिया शहराजवळच्या इरुन्या-वेलेया इथल्या रोमन उत्खननात खापरांवर कोरलेली बास्क वाक्यं सापडल्याचं जाहीर झालं. तिसरं शतक! १५४५ च्या पुस्तकापेक्षा हजार वर्षांहून जुनी! लोक आनंदाने वेडे झाले. मिचेलेनाच्या परंपरेतल्या भाषाभ्यासकांनी खापरं पाहिली आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. रोमन काळातली खरी नावं 'ह'ने भरलेली असतात. इथे जिथे 'ह' हवा तिथे तो नव्हता. भाषेची वळणंही आजच्या काळाकडे झुकलेली होती आणि लिहिणाऱ्याने स्वल्पविराम दिले होते. २००८ मध्ये तज्ज्ञांनी खापरं बनावट ठरवली, २०२० मध्ये कोर्टाने शिक्षा दिली. ज्या अक्षरासाठी १९६८ मध्ये मैत्र्या तुटल्या त्याच अक्षराने चोर पकडून दिला.

मिचेलेनाचं शेवटचं काम म्हणजे बास्क भाषेचा सर्वसमावेशक मोठा कोश. जुन्या-नव्या, सगळ्या बोलींतल्या ग्रंथांमधून शब्द आणि त्यांचे दाखले. बास्कमध्ये कोशाला 'हिस्तेगी' म्हणतात: 'हित्स' म्हणजे शब्द आणि 'तेगी' म्हणजे जागा. 'लिबुरुतेगी' हे पुस्तकांचं घर, 'आर्तेगी' हा मेंढरांचा वाडा. शब्दांचा वाडा, असं मी मनात म्हणते, कारण मेंढरं आत घालणं आणि मोजणं हेच कोशाचं निम्मं काम असतं. पहिला खंड १९८७ मध्ये निघाला. त्याच वर्षी ११ ऑक्टोबरला मिचेलेना गेला. पुढचं काम इबोन सारासोलाने नेलं आणि सोळावा खंड २००५ मध्ये आला. डेक्कन कॉलेजात संस्कृत कोशाच्या खोलीतली चिठ्ठ्यांची कपाटं ज्याने पाहिली आहेत त्याला अठरा वर्षं म्हणजे घाईच वाटेल. तिथे १९४८ पासून काम चालू आहे, चिठ्ठ्या कोटीच्या घरात, आणि खंडांवर खंड निघाले तरी मुक्काम 'अ'मध्येच होता.

ट्रास्कला करायचा होता व्युत्पत्तिकोश. अस्सल बास्क शब्द कुठला, हे ठरवायला त्याच्या अटी कडक: शब्द १६०० च्या आधी नोंदलेला हवा, जवळजवळ सर्व बोलींत हवा, शेजारच्या भाषांमधून आलेला नको, आणि नादावर बेतलेला नको. ही शेवटची अट मला सर्वात आवडते. बास्कमध्ये फुलपाखराला बोलीबोलीत निराळे शब्द आहेत, कितीतरी. 'चिमेलेता', 'पिंपिलिनपाउशा', कुठे 'देवाची कोंबडी'. 'पिंपिलिनपाउशा' एकदा मोठ्याने म्हणून बघा. हा शब्द कुठून आला हे विचारण्यात काय अर्थ आहे? तो फडफडण्यातून आला. उद्या एखादं पोर त्यात आणखी एक 'पि' घालेल आणि तेही चालेल.

याच सुमाराला, म्हणजे २००५ मध्ये, माझ्या पोटापाण्याचा कोश चालू होता. एका प्रकाशनाने शालेय मराठी शब्दकोश काढायचा ठरवला होता आणि मी तिघा संपादकांतली सर्वात कनिष्ठ. प्रत्येक शब्दापुढे 'व्यु.' असा रकाना. 'चावी' सोपं, पोर्तुगीज. 'पगार' पोर्तुगीज. 'तूप' आलं तेव्हा मी कानडी 'तुप्प' लिहिलं आणि अर्धा दिवस चर्चा झाली, कारण आमच्या मुख्य संपादकांना तूप बाहेरून आलेलं सहन होईना. तरी तेही निभावलं. अडलं ते 'गुबगुबीत'पाशी. मी रकाना कोरा सोडला. पाठोपाठ 'लुसलुशीत' कोरा, 'चुळबुळ' कोरी. प्रूफं परत आली तेव्हा समासात लाल शाईने लिहिलं होतं: "रिकामं ठेवू नये. ग्राहकाला फसवल्यासारखं वाटतं."

मी ट्रास्कचं पुस्तक घेऊन त्यांच्या टेबलापाशी गेले. म्हटलं, सर, काही शब्दांपुढे 'अज्ञात' असं लिहू या. त्यांनी चष्मा वर केला. "अहो ताई, अज्ञात लिहायला कोशकार कशाला हवा? ते तर कुणालाही येतं."

मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. घरी येताना बसमध्ये सुचलं, जसं नेहमी सुचतं. 'अज्ञात' लिहायच्या आधी लॅटिन बघावं लागतं, स्पॅनिश बघावं लागतं, फ्रेंच सीमेवरच्या बोली बघाव्या लागतात, आणि मग हात रिकामे घेऊन परत यावं लागतं. मी कुऱ्हाडीच्या वेळी गेलेच नव्हते, म्हणून मला उत्तर माहीत होतं. पण दुसऱ्या दिवशी मी हे बोलले नाही. नोकरी होती. 'गुबगुबीत'पुढे मी एक संस्कृत धातू लिहिला. कुठला ते सांगणार नाही. पुस्तक अजून शाळांमधून आहे.

ट्रास्क मार्च २००४ मध्येच गेला होता, एकोणसाठाव्या वर्षी. स्नायूंवरचा ताबा हळूहळू घालवणाऱ्या आजाराने. कोश अर्धवट राहिला. त्याच्या विद्यापीठातल्या मॅक्स व्हीलर या सहकाऱ्याने राहिलेले कागद लावले आणि २००८ मध्ये तो सर्वांसाठी खुला केला. मी तो पहिल्यांदा उघडला तेव्हा, खरं सांगते, आधी कुऱ्हाड शोधली. मग नुसती चाळत बसले. पानापानावर एकच शेरा भेटत होता: मूळ अज्ञात. तीस वर्षं एका भाषेत घालवलेला माणूस, मरण दिसत असताना, एकामागून एक शब्दापुढे हेच लिहीत गेला होता.

गेल्या डिसेंबरात भावाच्या मुलांना घेऊन जुन्या गोव्याला गेले होते. बॉम जेझू बॅसिलिकात झेवियरच्या पेटीपुढे भलीमोठी रांग. रांगेत वेळ घालवायला मी पोरांना सांगितलं की हा संत बास्क प्रदेशातला, नवाराचा. १५४४ मधल्या एका पत्रात त्याने लिहिलंय की इथल्या लोकांची भाषा मलबारी आणि माझी बास्क, त्यामुळे आम्हाला एकमेकांचं कळत नाही. आणि झेवियर हे मुळात गावाचं नाव, बास्क 'एचे बेर्री'वरून. 'एचे' म्हणजे घर, 'बेर्री' म्हणजे नवं.

"म्हणजे नवघरे," धाकटा म्हणाला. त्याच्या वर्गात एक नवघरे आहे.

"हे तरी नक्की का गं आत्या?" मोठीने विचारलं. तिला कुऱ्हाडीची गोष्ट माहीत आहे, घरात सगळ्यांना माहीत आहे. मी म्हटलं, हे नक्की. मिचेलेनाने बास्क आडनावांवर १९५३ मध्येच पुस्तक लिहिलंय, त्या प्रदेशात नव्या घरावरून पडलेली आडनावं पावलोपावली आहेत, आणि ध्वनीही नियमाने जुळतात. तिने मान डोलावली, पण पुरती पटल्यासारखी नाही. मला ते बरं वाटलं.

परत आल्यावर जुन्या प्रकाशनाकडून टपालाने एक पार्सल आलेलं होतं. शालेय कोशाची नवी आवृत्ती, संपादकांसाठी भेटप्रत. कव्हर बदललं होतं, माझ्या नावात एक वेलांटी चुकली होती. मी 'ग' उघडला. पानं वाचवण्यासाठी 'व्यु.'चा अख्खा रकानाच काढून टाकला होता. चावी, पगार, तूप, कुणाचाच पत्ता नाही. 'गुबगुबीत'पुढे लिहिलं होतं: लठ्ठ व मऊ.

एवढंच.